पेलहॅमची तोफ : एक फलक आणि अर्धा झालेला नकाशा

व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गच्या दक्षिणेला टाइडवॉटर ट्रेल आणि बेंचमार्क रोड मिळतात, त्या कोपऱ्यावर दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) सैन्यातील तोफखान्याचे अधिकारी मेजर जॉन पेलहॅम यांच्या तोफेची स्मृती जपणारी जागा आहे. तिथून सुरू केलेल्या माझ्या नकाशाचा तोफखान्याचा भाग आता बऱ्यापैकी आकाराला आला आहे. अमेरिकी यादवी युद्धातील तोफांच्या जागा नोंदवणाऱ्या मंडळींसाठी, ही जागा ठिपक्याऐवजी पट्ट्याने का दाखवली, ते सांगतो.

१३ डिसेंबर १८६२ रोजी, फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत, सकाळी धुके विरळ होऊ लागले, तेव्हा उत्तरेच्या सैन्यातील जॉर्ज मीड यांचे डिव्हिजन (काही हजार सैनिकांची तुकडी) बोलिंग ग्रीन रस्ता ओलांडून दक्षिणेच्या सैन्याने धरलेल्या प्रॉस्पेक्ट हिल या टेकडीच्या दिशेने निघण्याच्या तयारीत होते. त्याची डावी बगल उघडी होती, आणि २४ वर्षांच्या पेलहॅम यांनी नेमकी तीच हेरली. त्यांच्याजवळ १२ पौंडी नेपोलियन ही गुळगुळीत नळीची ब्राँझची तोफ होती. जोडीची ब्लेकली तोफ लवकरच निकामी झाली. भरीव गोळा समोरून आला तर रांगेतील एक-दोन माणसांना लागतो, पण बगलेतून आला तर तोच रांगेच्या लांबीभर धावतो. एका तोफेने एवढी खळबळ का उडवली, याचे माझ्या मते हेच मुख्य उत्तर आहे, आणि म्हणूनच नकाशावर तोफेच्या जागेइतकेच तिच्या माऱ्याच्या दिशेला महत्त्व दिले आहे. या माऱ्यामुळे मीड यांची आगेकूच सुमारे तासभर खोळंबली आणि उत्तरेच्याच डबलडे यांचे डिव्हिजन बगल सांभाळण्यासाठी डावीकडे वळवावे लागले.

उत्तरेच्या अनेक तोफा या एका तोफेला उत्तर देत होत्या, आणि म्हणून पेलहॅम ती सतत हलवत राहिले. कोपऱ्यावरचा स्मृतिदगड आपल्याला थांबायला जागा देतो. तोफ उभी राहिली ती जमीन मात्र त्याच्या आजूबाजूला पसरलेली आहे. एकच ठिपका काढला असता तर त्या तासातील सगळी धावपळ नकाशावरून पुसली गेली असती, असे मला मनापासून वाटते.

पल्ल्याचे वर्तुळ १,६०० यार्ड त्रिज्येचे घेतले आहे, कारण नळी पाच अंश उचलली की नेपोलियनचा गोळा साधारण तेवढा जातो. दारूगोळ्याची नोंद समासात आहे : तोफेच्या पुढच्या गाड्यावरील एका पेटीत ३२ बार मावत आणि त्यांतील भरीव गोळे फक्त १२ असत. अखेर दारूगोळा सरत आल्यावरच पेलहॅम मागे फिरले, हे वाचताना ही संख्या डोळ्यांसमोर ठेवावी.

आज कोपऱ्यावरून जुनी दृष्टिरेषा पकडणे वर्दळ आणि बांधकामांमुळे अवघड जाते. रणभूमीचाच भाग असलेल्या स्लॉटर पेन फार्म या शेताची २०८ एकर जमीन जतन झाल्यामुळे पलीकडच्या बाजूचे उतार मात्र पायी फिरून पाहता येतात. पुढच्या टप्प्यात त्या शेताच्या समोच्च रेषा पट्ट्याला जोडायच्या आहेत, म्हणजे मीड यांच्या रांगेचा कोणता भाग तोफेला दिसत होता, ते ठरवता येईल.