मीटर पाडलेली पद्मिनी

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. बातमी वाचली आणि त्याच संध्याकाळी ठरवलं, पुढचं मॉडेल हेच करायचं.

तोवर मी किटवर पोसलेला माणूस. जपानी किटचा खोका उघडायचा, नंबर टाकलेले भाग कापायचे, चित्रात दाखवलंय तसं चिकटवायचं. आठ वर्षांत अकरा गाड्या झाल्या होत्या आणि हात बसलाय असा माझा समज होता. पद्मिनीचं असं किट काही मला मिळालं नाही. खेळण्यांच्या दुकानात मागे ओढून सोडायच्या टॅक्स्या असतात, पण त्या लांबून टॅक्सी आणि जवळून साबणाची वडी.

म्हटलं, ठीक आहे, गाडी तर पाठ आहे आपल्याला. लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला पद्मिनी पाठ नसायला काय झालं? कागद-पेन्सिल घेऊन बाजूचं चित्र काढायला बसलो आणि मागच्या दिव्यापाशी अडलो. दिवा उभा की आडवा? दरवाजाची मूठ कुठल्या उंचीवर? काहीच आठवेना. आठवत होतं ते सगळं आतलं. उन्हानं तापलेलं रेक्झिन, ड्रायव्हरच्या मानेवरचा टॉवेल, पुढच्या दाराची छोटी त्रिकोणी काच आणि काचेपलीकडचा मीटर. आमच्या घरी टॅक्सी दोनच कारणांनी व्हायची. एक, कुणाला केईएम हॉस्पिटलमध्ये न्यायचं असेल तर. दुसरं, मे महिन्यात गावी निघताना, टपावरच्या कॅरियरला ट्रंक आणि वळकटी बांधून. दोन्ही वेळा बाहेरून गाडी बघायची फुरसत कुणाला असते!

तर मोजमापापासून सुरुवात केली. खरी गाडी ३९३० मिलिमीटर लांब, १४६० रुंद, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३४०. मॉडेल १:२४ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं करायचं ठरवलं. याला २४ नं भागलं की लांबी १६३.७५, रुंदी ६०.८ आणि चाकांमधलं अंतर ९७.५. हे प्रमाण खऱ्या एका फुटाला मॉडेलवर अर्धा इंच या हिशोबातून आलंय. दुसरा पर्याय १:४३ चा होता. तो आला खेळण्यातल्या रेल्वेकडून, तिथे फुटाला ७ मिलिमीटर धरतात. त्या मापाची गाडी कपाटात छान दिसते, जागाही कमी खाते, पण मीटर तांदळाच्या दाण्याएवढा झाला असता. आणि मीटरशिवाय ही गाडी करायचीच कशाला?

बॉडीसाठी थ्रीडी प्रिंटची फाइल मिळाली ती 'फियाट ११००डी' या नावाची, कुणा युरोपियन माणसानं बनवलेली. नात्यानं ती आपलीच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ मध्ये हीच गाडी 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघायला लागली, मग 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. पत्रा तोच, नाव तिसरं. मी खुशीत पैसे भरले, एका दुकानाकडून रेझिनमध्ये (प्रिंट होताना घट्ट होणारा द्रव) प्रिंट करून घेतली, आणि घरी खोका उघडल्यावर पाहिलं की स्टिअरिंग डावीकडे आहे.

आता हे मला फाइल बघतानाच दिसायला हवं होतं. पण सांगतो ना, मी बॉडीकडे बघत होतो. डॅशबोर्ड पूर्ण आरशातल्यासारखा उलटवावा लागला. सुदैवानं तो वेगळा भाग होता, त्यामुळे संगणकावर उलटा करून पुन्हा छापता आला. वायपरचंही तेच. ते उजव्या ड्रायव्हरसाठी उलट्या बाजूला झोपतात, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पुढची जाळीही युरोपातली निघाली. ती घासून टाकली आणि प्लास्टिकच्या बारीक पट्ट्यांनी नवी केली. त्या एका जाळीत तीन रविवार गेले.

रेझिन प्रिंट नव्यानं करणाऱ्यांसाठी एक सूचना. दुकानानं धुऊन दिलंय असं सांगितलं तरी घरी पुन्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा आणि उन्हात नीट सुकवा. आत कुठे ओलं रेझिन राहिलं की त्यावर रंग धरत नाही. माझ्या डिकीच्या कडेला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, फुगून सालपटासारखा निघाला तो याच पायी. प्रिंटच्या थरांच्या रेषा तर राहतातच, डोळ्यांपेक्षा नखाला जास्त लागतात. त्यावर गॅरेजवाले वापरतात तीच एनसी पुट्टी पातळ करून लावली आणि वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँड पेपर) मारत बसलो. आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १५००, म्हणजे बारीक बारीक होत जाणारा. घासताना पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की पेपर लवकर भरत नाही. छपराच्या कडेला पावसाचं पाणी अडवणारी जी बारीक पन्हाळ असते, ती घासताना जवळजवळ नाहीशी झाली. तांब्याची तार चिकटवून पुन्हा आणली.

रंग आणायला गाड्यांच्या रंगाच्या दुकानात गेलो. शेड मशीनवर मिसळून देतात तिथे.

"गाडी कुठली?"

"पद्मिनी. टॅक्सीचा पिवळा."

"पूर्ण गाडी?"

"फक्त छप्पर. शंभर मिली द्या."

"साहेब, शंभर मिलीत छप्पर होत नाही. अर्धा लिटर घ्या."

मी खिशातून छप्पर काढून दाखवणार होतो, पण मागे लोक उभे होते. अर्धा लिटर घेतला. त्यातला फार तर वीस मिली संपला असेल. बाकीचा डबा गॅलरीत आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.

पिवळा हा नाटकी रंग. खालचं काही झाकत नाही. राखाडी प्रायमरवर थेट मारला तर हिरवट, मळका दिसतो. म्हणून आधी पांढरा, त्यावर पिवळ्याचे तीन पातळ हात, ते पुरते वाळल्यावर छपराला मास्किंग टेप, आणि मग काळा. फिका आधी, गडद नंतर. काळा टेपखाली शिरू नये म्हणून एक युक्ती आहे. टेपच्या कडेवर आधी पुन्हा पिवळाच फवारायचा. जे काही आत शिरायचं ते पिवळंच शिरतं आणि कड बंद होते. मग काळा मारा, रेघ सुरीनं कापल्यासारखी येते.

पण ती रेघ नेमकी कुठे? यावर मी दोन आठवडे घालवले. माझ्याकडच्या फोटोंमध्ये पिवळा प्रत्येक गाडीवर वेगळ्या ठिकाणी संपत होता. शेवटी एका फोटोतली एक गाडी धरली आणि तिच्याशी प्रामाणिक राहायचं ठरवलं. चार फोटोंतलं थोडं थोडं घेऊन केलेली गाडी कुठल्याच रस्त्यावर धावलेली नसते.

काळा मारला जुलैमध्ये. हा शुद्ध मूर्खपणा. डोंबिवली, पाऊस आठ दिवस कोसळतोय, गॅलरीत पत्र्याच्या आडोशाला बसून मी एअरब्रश चालवतोय. लावताना रंग आरशासारखा दिसत होता. दहा मिनिटांत त्यावर दुधाळ ढग चढला, जसं काही काळ्या पाटीवर कुणी ओलं फडकं फिरवलंय. होतं असं की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथेच रंगात धरून बसते. काळ्यावर ते सगळ्यात जास्त दिसतं. मी गाडी उचलून रंग उतरवायच्या तयारीत होतो, तेवढ्यात खालच्या गॅरेजमधल्या पेंटरला फोटो दाखवला. तो म्हणाला, "पावसात काळा मारायचाच नाही. आता मारलाच आहे तर उतरवू नका, वरून नुसता रिटार्डर थिनर मारा. हलका." मारला. हा थिनर सावकाश उडतो. ढग माझ्या डोळ्यांसमोर विरघळला. त्या माणसाला मी त्या दिवशी वडापाव खिलवला, तो म्हणत होता कशाला, कशाला.

काळ्याबद्दल अजून एक. अगदी काळाकुट्ट रंग छोट्या गाडीवर भोकासारखा दिसतो, त्यात आकारच कळत नाही. थोडा राखाडी मिसळावा लागतो. डोळा त्याला काळाच म्हणतो. आणि चकाकी कमी करावी लागते, नाहीतर टॅक्सी लग्नाची गाडी वाटते.

आतल्या कामात मात्र मला कुठल्याही फोटोची गरज पडली नाही. पुढचा सलग बाकासारखा सीट, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर (गिटारची तुटलेली तार, टोकाला गोंदाचा थेंब), छताला फुलाफुलांचं रेक्झिन. ते कागदावर छापून चिकटवलंय. गाडी हातात घेऊन उलटी केल्याशिवाय ते कुणाला दिसणार नाही. बायकोनं विचारलं, मग केलंस कशाला? मला नीट उत्तर देता आलं नाही. लहानपणी मागच्या सीटवर आडवा होऊन मी तेच बघत आलो होतो. तापात, केईएमला जाताना. डिकीत सीएनजीची टाकीसुद्धा ठेवली आहे, आणि डिकी चिकटवलेली असल्यामुळे ती तर मलाही परत दिसणार नाही.

काचांनी शेवटी शेवटी घात केला. गोळ्यांच्या पाकिटाच्या पारदर्शक प्लास्टिकमधून काचा कापल्या होत्या, सुरेख बसल्या. मग घाईत आतला एक भाग इन्स्टंट गोंदानं चिकटवला आणि छप्पर बंद केलं. सकाळी सगळ्या काचा आतून पांढऱ्या. या गोंदाची वाफ बंद जागेत अडकली की पारदर्शक प्लास्टिकवर जाऊन बसते. मला हे माहीत होतं, हे सगळ्यात वाईट. अकरा गाड्या केलेल्या माणसाला माहीत असतंच. छप्पर पुन्हा उघडलं, काचा नव्या कापल्या, या वेळी फेविकॉल. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि वाफ सोडत नाही.

मीटर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. जुना, बाहेर डाव्या बाजूला बसवलेला, दांडीवाला. दांडी खाली पाडली की भाडं सुरू. रस्त्यावरून ते केव्हाच गेले, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक आले, पण माझी टॅक्सी त्याआधीची आहे. मीटरवर एक आकडा यायचा आणि खरं भाडं ड्रायव्हरकडच्या कार्डावर बघून ठरायचं. त्या कार्डावरून वडील हमखास वाद घालायचे. सहा मिलिमीटरची डबी झाली, त्यावर टाचणीच्या टोकाची दांडी. चिमट्यातून तीनदा उडाली. तिसऱ्यांदा फरशीवर गुडघे टेकून टॉर्च आडवा धरून शोधली. सापडल्यावर ती मिळेल तशी चिकटवून टाकली, खाली झुकलेली.

नंबर प्लेट घरच्या प्रिंटरवर पांढऱ्या डेकल कागदावर (पाण्यात भिजवून चित्र सोडवून चिकटवायचा कागद) छापली, पिवळ्यावर काळी अक्षरं, एमएच ०१ आणि पुढे मनाचा नंबर. छापल्यावर वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक रंग, मारायला विसरू नका. पहिल्या प्लेटची शाई पाण्यात गेली.

मांडणीसाठी पाच इंच रुंद फळी घेतली. डांबर म्हणजे १८० नंबरचा सँड पेपर, राखाडीनं थोडा उजळवलेला, बाजूला काळ्या-पिवळ्या कठड्याचा फुटपाथ आणि त्यावर पेव्हर ब्लॉक. दोन ब्लॉक उखडलेले ठेवलेत. चहाची टपरी, पोस्टर, कुत्रा असं बरंच काही सुचत होतं. काही ठेवलं नाही. सगळं ठेवलं की लोक कुत्रा बघतात. टायर एका जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या किटमधले आहेत, खऱ्या हिशोबापेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठे. जाणकाराला गाडी किंचित उंच वाटेल, वाटू दे. त्या टायरखाली फॉइलचे तुकडे आहेत, कारण मऊ व्हिनाइलचे टायर रंगावर आणि प्लास्टिकवर वर्षानुवर्षं टेकले की चिकटतात, कधी खड्डाही पाडतात. वर ॲक्रिलिकची पेटी, आणि पेटी खिडकीपासून लांब. ऊन लागलं की सगळ्यात आधी पिवळा फिका पडतो.

जानेवारीत ती हॉलमधल्या कपाटावर ठेवली. आई दोन दिवस तिच्या बाजूनं गेली आणि आली. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून खुर्ची ओढून समोर बसली. मी स्वयंपाकघरातून बघत होतो. मला वाटलं, आता छत बघेल, सीट बघेल, काहीतरी म्हणेल.

"मीटर पाडलेला आहे याचा," ती म्हणाली.

"हो."

"मग आत कोण बसलंय?"

मी जवळ आलो. आत कुणीच नव्हतं. फुटपाथला लागून उभी असलेली रिकामी टॅक्सी आणि दांडी खाली. पंधरा महिने तिच्यावर घालवले होते.

"वेटिंगवर आहे," मी म्हटलं.

"आणि ड्रायव्हर?"

"चहाला गेलाय."

"वेटिंग लावून चहाला?" आई खुर्चीतून उठली. "बोलाव आधी त्याला."