सळईवरचे चिकन आणि भाज्या: निखाऱ्याची गोष्ट

खान्देशात थंडी पडली की शेताशेतांत भरीत पार्ट्या रंगतात आणि कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात. वांग्याला तो भडका मानवतो, कारण जळालेली साल शेवटी काढूनच टाकायची असते. चिकनला लावलेला मसाला मात्र खायचा असतो आणि तो करपला की कडवट होतो. म्हणून सळईवरच्या चिकनसाठी मी लाकडी कोळसाच घेते आणि त्यावर पांढरी राख धरेपर्यंत सळ्या शेगडीजवळ नेत नाही.

अर्धा किलो बिनहाडाच्या चिकनला, शक्यतो मांडीच्या, मी फडक्यात बांधून पाणी काढलेले वाटीभर दही, आले-लसणाची गोळी, मीठ, शेंगदाण्याचे तेल आणि चमचाभर भाजलेले बेसन लावते. पातळ दह्याचा मसाला निखाऱ्यावर ठिबकून जातो आणि तुकडा उघडा पडतो. बेसन त्याला धरून ठेवते. आपला काळा मसाला मुळातच चांगला भाजलेला असल्याने तो बेताने घालावा, तिखटपणासाठी हिरवी मिरची वाटून घ्यावी. लिंबू मात्र वाढतानाच पिळावे, कारण आंबटाचा अंमल फार वेळ राहिला तर मांस वरून पिठूळ होते. चार-पाच तास मुरवणे पुरेसे आहे, पण ते फ्रिजमध्येच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास असताना कच्चे चिकन ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे.

चिकन आणि भाज्या एकाच सळईवर ओवलेल्या दिसायला सुंदर दिसतात, तरीही मी त्या वेगळ्याच ओवते. चिकन आतपर्यंत शिजेस्तोवर टोमॅटो गळून पडतो. शिवाय आमच्या आईंच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे चिकनला हात लावण्याआधीच भाज्यांपुरता मसाला बाजूला निघतो आणि त्यांच्या सळ्या पहिल्यांदा भाजल्या जातात. कांद्याच्या जाड पाकळ्या आणि ढोबळी मिरची उत्तम. भरिताचे वांगे इथे कामाचे नाही, त्याचा मऊ गर सळईवर टिकत नाही.

लाकडी काड्या वापरायच्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात. तुकड्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी नव्हे, पण आच शिरेल इतकी फट ठेवावी. चिकनचा आतला भाग 74 अंशांपर्यंत तापायला हवा. थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा, आत गुलाबी छटा दिसली तर सळई परत निखाऱ्यावर जाते. कच्च्या चिकनच्या भांड्यात उरलेला मसाला शेवटी वरून लावू नये, त्याऐवजी नुसते तेल फिरवावे.