तांबी, अपाक आणि ब्रिटनी

२३ जून २०२१ची रात्रपाळी. शहर आवृत्तीचं शेवटचं पान सव्वाएकला सुटलं. एरवी त्यानंतर मी लॅपटॉप मिटून आडवी होते, पण त्या रात्री थांबायचं होतं. लॉस एंजेलिसमध्ये दुपारचे दीड वाजले की आपल्याकडे पहाटेचे दोन होतात, आणि दीडला तिथल्या कोर्टात अमेरिकन पॉपगायिका ब्रिटनी स्पिअर्स स्वतः बोलणार होती. छापील अंकात ते येणं शक्यच नव्हतं. वेबसाइटसाठी बातमी करायची आणि झोपायचं, एवढाच हिशेब होता. कोरोनामुळे आम्ही उपसंपादक घरूनच काम करत होतो. माझं डेस्क म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल, आणि पलीकडच्या खोलीत आई झोपलेली.

मनोरंजनाच्या पानाची स्वतःची एक भाषा असते. सूत जुळलं, बिनसलं, काडीमोड, चर्चांना उधाण, पुन्हा प्रेमात. झोपेतही लिहिता येईल इतकी ती हाताला बसलेली असते. ब्रिटनीचं सगळं आयुष्य आम्ही याच पाच-सहा शब्दांत बसवलं होतं. गायक जस्टिन टिंबरलेकशी २००२मध्ये नातं तुटलं ते ‘बिनसलं’. जानेवारी २००४मध्ये लास व्हेगासला लहानपणच्या मित्राशी केलेलं आणि ५५ तासांत रद्द झालेलं लग्न ‘औटघटकेचं’. केविन फेडरलाइनशी त्याच वर्षी झालेलं दुसरं लग्न म्हणजे ‘पुन्हा बोहल्यावर’. मग फेब्रुवारी २००७मध्ये तिने स्वतःच्या हाताने डोकं भादरलं. मी तेव्हा नोकरीत नवी होते. त्या फोटोंच्या ओळी मी लिहिल्या. ‘ब्रिटनी झाली टकली’ हे माझे शब्द आहेत. त्या दिवशी तिचा मोठा मुलगा १७ महिन्यांचा होता आणि धाकटा ५ महिन्यांचा. घटस्फोट कोर्टात होता, आणि पुढे मुलांच्या ताब्यावरून झगडा व्हायचा होता. फोटोओळीत यातलं काहीही नव्हतं. मला ते माहीतही नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी प्रश्न पडला तो एका शब्दाचा. ‘कन्झर्व्हेटरशिप’ला मराठीत काय म्हणायचं? वृत्तसंस्थेकडून आलेल्या एजन्सीच्या कॉपीत ‘पालकत्व’ होतं. ते वाचून कुणालाही वाटेल की मुलांच्या ताब्याची केस आहे. प्रत्यक्षात १ फेब्रुवारी २००८ला कोर्टाने ब्रिटनीलाच तिच्या वडिलांच्या, जेमी स्पिअर्स यांच्या हवाली केलं होतं. आधी तात्पुरतं, मग कायमचं. पैसा, डॉक्टर, घर, कोण भेटायला येणार, कुणाशी लग्न, सगळं त्यांच्या आणि त्यांच्या वकिलांच्या हातात. आमचे मुद्रितशोधक काका तेव्हा निवृत्तीला आलेले. सातबारा आणि फेरफार त्यांना तोंडपाठ. त्यांना फोनवर हे सगळं समजावून सांगितलं, तर ते पटकन म्हणाले, “म्हणजे अपाक की गं.”

ज्यांच्याकडे शेतजमीन नाही त्यांच्यासाठी सांगते. सातबाऱ्यावर खातेदार सज्ञान नसेल तर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असा शेरा असतो. अज्ञान पालक कर्ता. जमीन मुलाची, पण सही पालकाची. मूल अठराचं झालं की वयाचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा आणि शेरा कमी करून घ्यायचा. काकांनी त्यांच्या चुलतभावाचा असाच करून घेतला होता. “हिचं वय काय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एकोणचाळीस. “मग हिचा शेरा कोण कमी करणार?”

इतकी नेमकी बातमी मला वर्षानुवर्षांच्या एजन्सी-कॉपीत मिळाली नव्हती. ज्या बाईला स्वतःचा डॉक्टर निवडायला नालायक ठरवलं होतं, तिच्याकडून त्याच काळात अल्बम करून घेतले, टीव्हीवरच्या गायनस्पर्धेत परीक्षक म्हणून बसवलं, लास व्हेगासमध्ये चार वर्षांत २४८ प्रयोग करून घेतले. वडिलांचा दरमहा १६ हजार डॉलरचा पगार तिच्याच कमाईतून निघायचा. तिची बाजू मांडणाऱ्या वकिलाची फी तिच्याच पैशातून, आणि तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या वकिलांचीही तिच्याच. यावर मी तीन परिच्छेदांची एक चौकट लिहिली, ‘अपाक’सकट. ती कधीच लागली नाही. ‘खेड्यातलं उदाहरण शहरी वाचकाला कळत नाही’ असं कारण मिळालं. आमच्या शहरातल्या अर्ध्या वाचकांच्या गावाकडच्या सातबाऱ्यावर हा शेरा कधी ना कधी लागलेला असेल, हे मी कुणाला सांगायचं?

दोन वाजले. कोर्टातलं बोलणं रेकॉर्ड करायला मनाई होती, त्यामुळे ऐकणारे पत्रकार एकेक वाक्य ट्विट करत होते, आणि मी ती वाक्यं उचलून कागदावर उतरवत होते. सुनावणी बंद दाराआड व्हावी असं आधी सुचवलं गेलं होतं. ब्रिटनीनेच नकार दिला. माझं आयुष्य यांनी पुरेसं विकलंय, आता मी काय म्हणते तेही सगळ्यांनी ऐकावं, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता. मग ती वीसेक मिनिटं बोलत राहिली. इतकी भराभरा की न्यायाधीश ब्रेंडा पेनी यांना मध्येच तिला थांबवावं लागलं, कारण कोर्टाच्या लघुलेखकाला शब्द टिपणं जमत नव्हतं. माझंही तेच झालं होतं. एक वाक्य मराठीत आणेपर्यंत पुढची चार येऊन पडलेली. तिकडे कोर्टातला लघुलेखक आणि इकडे स्वयंपाकघरात मी, दोघांचाही हात तिच्या मागे धावत होता. तेरा वर्षं तिला कुणी सलग बोलू दिलं नव्हतं, आणि बोलू दिलं तेव्हा आम्हा कुणालाच तिचा वेग झेपत नव्हता.

लिथियम हे मनोविकारावरचं औषध सुरू केल्याचं ती बोलली. आपण ही व्यवस्था संपवायला अर्ज करू शकतो हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं म्हणाली. मला माझं आयुष्य परत हवंय, म्हणाली. प्रियकराच्या गाडीत शेजारी बसून जाता यावं, एवढीही मागणी त्यात होती. आणि मग ते वाक्य आलं. मला लग्न करायचंय, मूल हवंय. पण माझ्या शरीरात आययूडी (मूल होऊ नये म्हणून गर्भाशयात बसवायचं साधन) आहे, ती काढायला मला डॉक्टरकडे जाऊ देत नाहीत, कारण मला मूल होऊ नये असं त्यांना वाटतं.

मी लिहिलं: ‘माझ्या पोटात तांबी आहे, ती काढू देत नाहीत.’

माझी आई ३१ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. आमच्या घरात ‘तांबी’ हा शब्द डाळ-तांदळासारखा बोलला जायचा. सकाळी दोन तांब्या बसवल्या, एक काढली. मराठी बाईला हा शब्द सांगावा लागत नाही. दवाखान्यात, पाणवठ्यावर, लोकलच्या लेडीज डब्यात तो चालतो. वर्तमानपत्रात मात्र चालत नाही.

रात्रपाळीचे प्रमुख घरूनच कॉपी बघत होते. त्यांचा फोन आला. पहिला मुद्दा अपेक्षित होता: आपला पेपर कौटुंबिक आहे, सकाळी चहाबरोबर वाचतात. (अपघातातली छिन्नविच्छिन्न प्रेतं चहाबरोबर चालतात.) दुसरा मुद्दा मात्र बिनतोड होता. “तांबी म्हणजे कॉपर-टी. तिची तांब्याचीच होती कशावरून? हार्मोनवालीही असते ना?” ती नुसतं आययूडी म्हणाली होती. खरं होतं त्यांचं. भाषांतरात मी एक धातू पदरचा घातला होता. मी ‘गर्भाशयात बसवलेलं तांबीसारखं साधन’ असं करून पाठवलं. बातमी लागली तेव्हा त्याचं ‘संततिनियमनाचे साधन’ झालं होतं. गोळीही साधन, निरोधही साधन. शरीराच्या आत बसवलेली, स्वतःच्या हाताने काढता न येणारी वस्तू, हा सगळा अर्थच त्यातून निघून गेला होता. आणि वर मथळा होता: ‘ब्रिटनीला व्हायचंय पुन्हा आई!’

उद्गारचिन्हासकट. शिवाय छपाईच्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करताना ‘स्पिअर्स’चा रफार सरकून भलत्याच अक्षरावर बसलेला. रफार मी दुरुस्त केला. मथळा बदलायचा अधिकार मला नव्हता. भांडण मात्र करता आलं असतं. पहाटे साडेचारला मी ते केलं नाही, आणि हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. दिवसभरात त्या पानावरची सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी तीच होती. खाली एका वाचकाने लिहिलं होतं, ‘पैसेवाल्यांचे चोचले.’ त्याला दोष कसा देऊ? आम्ही त्याला तेवढंच वाचायला दिलं होतं.

पाचच्या सुमाराला आई उठली. मी तशीच बसलेली बघून म्हणाली, “अगं, झोपली नाहीस?” मी तिला सगळं सांगितलं. गायिका कोण वगैरे तिला काही माहीत नव्हतं, पण तांबीचं ऐकून ती गॅसपाशीच थबकली. “काढू देत नाहीत म्हणजे?” तिला ते शब्दशः समजत नव्हतं. “दोन मिनिटांचं काम असतं ते. धागा दिसतो, चिमट्यात धरायचा, हळूच ओढायचा. बाई खोकते, तेवढ्यात बाहेर. काढून मागायला आली की काढून द्यायची असते. तिची ती तांबी.” मग चहा गाळता गाळता पुन्हा एकदा, स्वतःशीच, “तिची ती.”

पुढे गोष्टी वेगाने हलल्या. १४ जुलैला तिला स्वतःच्या पसंतीचा वकील नेमायची परवानगी मिळाली, २९ सप्टेंबरला वडिलांना दूर केलं गेलं आणि १२ नोव्हेंबर २०२१ला सगळी व्यवस्थाच कोर्टाने रद्द केली. काकांचा मेसेज आला: ‘शेरा कमी झाला.’ आमच्या पेपरात ती सिंगल कॉलम होती.

त्यानंतर मात्र मी एकदा अडून बसले. एप्रिल २०२२मध्ये तिने गरोदर असल्याचं जाहीर केलं आणि १४ मे रोजी, पहिल्या काही महिन्यांतच ते बाळ गेल्याचं सांगितलं. डेस्कवर मथळा तयार होता: ‘ब्रिटनीने केला गर्भपात’. मराठीत गर्भपात हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला जातो, आपोआप झाला तरी आणि करून घेतला तरी. ‘झाला’ आणि ‘केला’ यांच्यातल्या एका क्रियापदावर त्या बाईचं दुःख किंवा निर्णय ठरणार होता. मी म्हटलं, ‘केला’ गेलं तर माझं नाव पाळीतून काढा. शेवटी ‘ब्रिटनीने बाळ गमावलं’ असं गेलं. ऑक्टोबर २०२३मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. टिंबरलेकबरोबर असताना गर्भपात करून घेतला होता, बाळ त्याला नको होतं, ती एकटी असती तर तिने तो केला नसता, असं तिने त्यात लिहिलं आहे. तिथे ‘केला’ लिहायचं होतं आणि तरीही ते पुरेसं नव्हतं. दोन ओळींच्या मथळ्यात ते कसं मांडायचं ते मला आजही सुचलेलं नाही. सूत जुळलं, बिनसलं, काडीमोड, यात ते बसत नाही, आणि माझ्या पानाकडे दुसरे शब्द नाहीत.

मे २०२२ची ती बातमी आईने मोबाइलवर वाचली. चष्मा काढून मला विचारलं, “हीच ना ती, तांबीवाली?” नाव तिला तेव्हाही आठवत नव्हतं. हो म्हटलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्याकडे एक आली होती. दोन मुली होत्या, तिसरं मूल हवं होतं, काढून द्या म्हणाली. मी तिला म्हटलं, घरी विचारलंस का? सासूबाईंना घेऊन ये.”

“मग?”

“परत आली नाही.”