कलम ४१ कक आणि आमची लहानशी मंडळी

मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन रुग्णालय सुरू केले, आणि आजही जत, कवठेमहांकाळपासून सीमेपलीकडच्या अथणी, रायबागपर्यंतचे रुग्ण उपचारासाठी मिरजेचीच वाट धरतात. रुग्णाला खाट मिळते. पण त्याच्याबरोबर आलेल्या माणसांनी जेवायचे कोठे, झोपायचे कोठे आणि कागदपत्रे कोणाला दाखवायची, हे प्रश्न उरतात. ज्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक (धर्मगुरू) आहे, तिचे बरेचसे सेवाकार्य याच प्रश्नांभोवती फिरते. आमच्याकडे पैसा बेताचाच आहे. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला घराघरांतून आलेले धान्य, नारळ, कोंबड्या यांचा लिलाव होतो (दोन भावांत ईर्ष्या लागली की एखादा नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जातो), त्यातून मदत फंड उभा राहतो आणि उन्हाळा संपेपर्यंत त्याचा तळ दिसू लागतो.

अशाच एका मे महिन्यातल्या सोमवारी, रुग्णालयांत डबे पोहोचवणाऱ्या आमच्या महिला मंडळाच्या एक भगिनी जत तालुक्यातील एका बाईंना घेऊन माझ्याकडे आल्या. बाईंचे यजमान बांधकामावरच्या परांचीवरून पडले होते, मांडीचे हाड मोडले होते, आणि रात्री त्यांना एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात दाखल केले होते. वर उल्लेख केलेले रुग्णालय ते नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वी अनामत भरा, असे खिडकीवर सांगण्यात आले होते आणि ती रक्कम आमच्या वर्षभराच्या फंडाहून मोठी होती. बाईंना आमच्याकडून पैसे नकोच होते. मंगळसूत्र मोडायला खात्रीचा सराफ कोण, एवढेच त्यांनी त्या भगिनींना विचारले होते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या खर्चासाठी प्रत्येक रुग्णालयाने एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची असते. हे सारे दर्शनी फलकावर लिहिलेले असते, पण रात्री दोन वाजता जखमी माणसाला घेऊन आलेले कोणी फलक वाचत बसत नाही. मी बाईंना सराफाकडे न नेता रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांकडे घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, निर्धन गटातील खाट शिल्लक असल्याचे पाहिले आणि शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला.

शिधापत्रिका पिवळी होती. मात्र ती एकत्र कुटुंबाची असल्याने गावी थोरल्या दिरांच्या पेटीत होती. मोबाईलवर छायाचित्र आले, परंतु मूळ प्रत पाहिल्याशिवाय नोंद करता येत नाही, असे समाजसेवकांनी सांगितले आणि त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच होते. दीर मिळेल त्या गाडीने निघाले. दुपारी पोहोचताच त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, रागावू नका, पण यासाठी आम्हाला धर्म बदलावा लागेल का?" मला राग आला नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारले असते. मी म्हणालो, "दादा, हा हक्क तुम्हाला सरकारच्या कायद्याने दिलेला आहे. मी फक्त दार दाखवले. उपासनेला या असेही मी म्हणणार नाही." त्यांचा चेहरा सैल झाला, पण डबा त्यांनी संध्याकाळपर्यंत उघडला नाही.

सहाच्या सुमारास नोंद झाली, अनामतीची अट निघाली आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीच्या यादीत लागली. त्याच रात्री मंडळीच्या पंचांची मासिक सभा होती. तेथे आमच्या खजिनदारांनी स्पष्टच विचारले की, आपल्याच मंडळीतील विधवा बहिणीच्या घराचे पत्रे पावसाळ्यापूर्वी बदलायचे राहिले असताना पाळकांनी अख्खा दिवस परक्यांसाठी का घालवला. काहींना हा प्रश्न कोता वाटला. मला वाटला नाही, कारण फंड ज्यांच्या नारळ-कोंबड्यांतून उभा राहतो त्यांना असा हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. मी एवढेच दाखवून दिले की दिरांच्या परतीच्या भाड्यापलीकडे फंडातून काहीही गेलेले नव्हते आणि पत्र्यांचे पैसे तसेच शिल्लक होते. पत्रे त्याच आठवड्यात बदलायचे ठरले. त्यानंतर खजिनदारांनी स्वतःच सुचवले की, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि आधार यांची मूळ प्रत सोबत आणावी, अशी चिठ्ठी मराठीत आणि कन्नडमध्ये छापून प्रत्येक डब्याबरोबर द्यावी. कन्नड मजकूर लिहिण्याचे काम अथणीच्या माहेरवाशीण असलेल्या एका भगिनीकडे सोपवून सभा संपली.