शनिवार, धागा आणि बिल्ला: आमची वाटचाल

नोव्हेंबर ते मार्च आमच्या गाळ्यात सगळ्यांत जास्त बघितलं जातं ते हवामान. स्कॉटलंडमध्ये फॉल्कर्कजवळ लार्बर्टला आमचा जर्सीवर छपाई आणि भरतकाम करून देण्याचा छोटा व्यवसाय आहे. निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं म्हणजे इथल्या खालच्या लीगमधले आणि त्याहूनही खालचे फुटबॉल क्लब. शनिवारी सकाळी रेफरी मैदानावर येतो, बुटाच्या टाचेने जमीन दाबून बघतो. जमीन गोठलेली असली किंवा पाणी साचलेलं असलं की सामना पुढे ढकलला. त्या दिवशी गेट, म्हणजे तिकिटांचा पैसा, नाही, गरम 'पाय' (मांस भरलेली पेस्ट्री) आणि चहाची विक्री नाही, मध्यंतरातल्या सोडतीची तिकिटं नाहीत. तोच सामना मग कधीतरी मंगळवारी रात्री होतो. कामाचा दिवस, वर थंडी, येणारे कमी. आणि सोमवारी क्लबच्या सेक्रेटरींचा आम्हाला फोन येतो की या आठवड्यात जमत नाही, पुढच्या होम मॅचनंतर नक्की देतो.

2012 पासून हा फोन मी घेतोय. पहिली दोन वर्षं कपाळाला आठ्या घालून घ्यायचो. आता समोर वही उघडून, पुढची होम मॅच कधी आहे ते बघत घेतो. आमचा धंदा टिकला तो याच बदलामुळे, म्हणून आधी ते सांगितलं.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान होतं. पावसाळा सरला की तालमींची, म्हणजे पेठांतल्या फुटबॉल संघांची, माणसं दुकानात यायला लागायची. ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल बघितला नाही त्यांना हे पटत नाही, पण राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना पेठा ओस पडतात. शाळेतून आलो की मी जर्सीच्या पाठीवर आकडे छापायला बसायचो. स्क्रीन, शाई, आणि वाळवायला दोरीवर टांगलेले अकरा शर्ट. अण्णा कुठल्याही तालमीकडे एकरकमी पैसे मागायचे नाहीत. वर्गणी जमेल तसं द्या म्हणायचे. मला तो त्यांचा भिडस्तपणा वाटायचा. तो हिशेब होता, हे कळायला मला स्कॉटलंडमध्ये येऊन चार हजार दोनशे पौंड घालवावे लागले. ते पुढे येईलच.

इचलकरंजीला टेक्स्टाईल शिकलो आणि 2007 मध्ये मास्टर्ससाठी हेरिअट-वॉट विद्यापीठाच्या गॅलाशील्स कॅम्पसला आलो. दक्षिण स्कॉटलंडमधल्या बॉर्डर्सचा हा भाग लोकरीच्या गिरण्यांचा, आणि मनाने रग्बीचा. पण कॅम्पसला लागूनच नेदरडेलचं फुटबॉल मैदान आहे. तिथला काँक्रीटचा स्टँड पीटर वोमर्सली या वास्तुविशारदाने 1960 च्या दशकात बांधला. दुमडलेल्या कागदासारखं छप्पर. त्याला 'अ' श्रेणीच्या वारसा वास्तूचा दर्जा आहे. पहिल्याच शनिवारी मी कोल्हापूरची गर्दी डोळ्यांपुढे ठेवून गेलो आणि तिथे मोजता येतील एवढीच माणसं होती. दारात तिकीट फाडणारे गृहस्थ थोड्या वेळाने माईकवर संघाची नावं वाचताना दिसले, आणि सामना संपल्यावर कोपऱ्यातले झेंडे गोळा करताना. सत्तरीच्या पुढचे असावेत. मला मंगळवार पेठेतल्या तालमीचे सेक्रेटरी आठवले. तो दिवस मी विसरलेलो नाही. पुढे 2018 मध्ये तो स्टँड धोकादायक म्हणून बंद करावा लागला. वारसा वास्तू असल्याने पाडता येत नाही, आणि नीट दुरुस्त करायचा तर खर्च लाखो पौंडांचा. एवढीशी गेट असलेला क्लब अशा इमारतीचं ओझं कसा उचलणार? बाहेरून निधी आला म्हणून ते काम झालं.

मी शिकत होतो त्याच वर्षी ग्रेटना हा क्लब बुडाला. सीमेवरचं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. एका श्रीमंत मालकाच्या पैशावर क्लब 2006 मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला, पेनल्टींवर हार्ट्सकडून हरला आणि 2007 मध्ये थेट वरच्या प्रीमियर लीगमध्ये गेला. गावातलं मैदान त्या लीगच्या नियमांत बसेना, म्हणून घरचे सामने मदरवेलच्या फर पार्कवर, गावापासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब. मालक आजारी पडले, पैसा थांबला, मार्च 2008 मध्ये क्लब प्रशासकांच्या हाती गेला आणि उन्हाळ्यापर्यंत लीगमधून बाहेर. त्या वेळी मी ते एक बातमी म्हणून वाचलं. आज पुरवठादार म्हणून वाचतो तेव्हा पहिला प्रश्न मनात येतो की जर्सीवाल्याचे, गवत कापणाऱ्याचे, बसवाल्याचे पैसे कोणी दिले असतील?

शिक्षणानंतर चार वर्षं एका भरतकामाच्या कारखान्यात पंचिंग केलं. क्लबचा बिल्ला मशीनला समजेल अशा टाक्यांमध्ये उतरवायचा, कुठे भरगच्च, कुठे विरळ, हे काम. 2012 च्या उन्हाळ्यात पत्नी आणि मी मिळून लार्बर्टला गाळा घेतला. एक जुनं सिंगल हेड (एका वेळी एकच शर्ट भरणारं) भरतकाम मशीन, एक हीट प्रेस, जर्सीवर चिकटवायचे आकडे कापणारा एक व्हिनाइल कटर. लार्बर्टच का, तर तासाभराच्या अंतरात स्टेनहाउसम्युअर, फॉल्कर्क, अलोआ, स्टर्लिंग अल्बियन, काऊडनबीथ, डंबार्टन असे कितीतरी क्लब. मोठ्या ब्रँडना वीस जर्सींच्या ऑर्डरमध्ये रस नसतो. आम्हाला होता.

त्याच उन्हाळ्यात रेंजर्स या ग्लासगोच्या बड्या क्लबची जुनी कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीत, गेली आणि नव्या कंपनीखाली संघाला चौथ्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागली. अ‍ॅनन, एल्गिन, पीटरहेड, माँट्रोज, ईस्ट स्टर्लिंगशर यांच्या मैदानांवर हजारो पाहुणे प्रेक्षक येऊ लागले. स्टर्लिंग अल्बियन दोनच वर्षांपूर्वी, 2010 मध्ये, समर्थकांच्या ट्रस्टने विकत घेतला होता. त्यांनी ऑक्टोबरमध्ये रेंजर्सला 1-0 हरवलं. छोट्या क्लबांच्या खात्यात कधी नव्हे तो पैसा आला आणि आमच्या पहिल्याच वर्षी स्कार्फ, टोप्या, जर्सी यांच्या ऑर्डरी आल्या. मला वाटलं, धंदा असाच असतो. दुसऱ्या वर्षी रेंजर्स वर गेले आणि ऑर्डरी निम्म्यावर आल्या.

दुसऱ्याच वर्षी लीगबाहेरच्या एका क्लबने पूर्ण संच मागवला. पहिला संघ, युवा संघ, ट्रॅकसूट, सगळं. नवे अध्यक्ष उत्साही होते. पैसे हंगाम सुरू झाल्यावर एकदम देऊ म्हणाले, मी हो म्हटलं. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष निघून गेले. उरलेल्या समितीत एक निवृत्त शिक्षिका, एक सुतार आणि एक विद्यार्थी. त्यांनी क्लब वाचवला, पण आमचे चार हजार दोनशे पौंड वाचवणं त्यांच्या हातात नव्हतं. कोर्टात जाता आलं असतं. त्या शिक्षिका आमच्या गाळ्यात येऊन रडल्या, आणि आम्ही गेलो नाही. पत्नीने तीन महिने रात्रपाळीत नोकरी केली. तेव्हा अण्णांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "अरे, वर्गणी ज्या दिवशी जमते त्या दिवशी मागायची. एकदम मागितलीस म्हणजे तू त्यांना खोटं बोलायला लावलंस."

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. कापडाचे पैसे आगाऊ. छपाई-भरतकामाचे पैसे होम मॅचच्या हिशेबाने हप्त्यांत, आणि सामना पुढे गेला तर हप्ताही पुढे. हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या. बँकेच्या माणसाला हे काही समजलं नाही. पण त्यानंतर आमचा एकही मोठा पैसा बुडालेला नाही.

या क्लबांची खरी अडचण काय, असं मला इथे येणारे आपले लोक विचारतात. प्रेम कमी आहे असं त्यांना वाटतं. तसं अजिबात नाही. लोकसंख्येच्या मानाने स्कॉटलंडमध्ये सामन्याला जाणारे लोक युरोपात सर्वांत जास्त आहेत. पण त्यातले बरेच जण जातात ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्सकडे. स्टर्लिंगच्या, अलोआच्या चौकातून शनिवारी सकाळी ग्लासगोला जाणाऱ्या बसेस भरतात, आणि गावचा क्लब त्याच दुपारी तीनला रिकाम्या बाकांपुढे खेळतो. टीव्हीचा पैसाही वरून खाली येईपर्यंत बराच आटतो. खेळाडू अर्धवेळ. कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी शिक्षक. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव. एल्गिनच्या संघाला स्ट्रॅनरारला जायचं तर चारशे किलोमीटरच्या वर प्रवास, म्हणजे काहींना शुक्रवारी कामावरून सुट्टी. आर्ब्रोथने असाच अर्धवेळ संघ घेऊन 2021-22 मध्ये दुसऱ्या श्रेणीत दुसरा क्रमांक पटकावला. त्या हंगामात आमच्या गाळ्यात रेडिओ बंद झाला नाही.

मात्र 2014-15 पासून भीती वेगळी आहे. तोवर तळाचा संघ तळालाच राहायचा, बाहेर जात नव्हता. लीगच्या चार श्रेणींत मिळून 42 क्लब. आता त्यातला शेवटचा, 42 वा, प्लेऑफमध्ये हरला तर लीगच्या बाहेर. 2016 मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर गेला, जिथे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन 1974 मध्ये पहिल्यांदा व्यवस्थापक झाले होते. 2019 मध्ये बेरिक रेंजर्स, ज्यांनी 1967 च्या कपमध्ये ग्लासगोच्या रेंजर्सला हरवलं होतं. मग 2021 मध्ये ब्रीखिन, 2022 मध्ये काऊडनबीथ, 2023 मध्ये अल्बियन रोव्हर्स. ब्रीखिनचं तर बघवत नव्हतं. 2017-18 मध्ये दुसऱ्या श्रेणीत 36 सामन्यांत एकही विजय नाही, आणि तिथून चार हंगामांत तीनदा घसरण. तरी त्याच दाराने आत येणाराही कोणाचा तरी गावचा क्लब असतो. कोव्ह, केल्टी, बॉनीरिग, स्पार्टन्स यांनी ती जागा खेळून मिळवली आहे, म्हणून मी या पद्धतीच्या विरोधात नाही. पण बाहेर पडणाऱ्याला सावरायला आणखी आधार हवा. बाहीवरचा लीगचा बिल्ला काढायला हीट प्रेसवर काही सेकंद लागतात. मी दोन क्लबांचे उरलेले शर्ट असे सोलले आहेत. ते काम मी कामावरच्या मुलांना सांगत नाही, स्वतः करतो.

लीगमध्ये खेळायला क्लबला लागणाऱ्या लायसन्सचा विषय वेगळाच. दिवे, कपडे बदलायच्या खोल्या, मैदान, सगळ्याला निकष. 2024 मध्ये बॉनीरिग रोझचे मैदानाच्या उतारावरून सहा गुण कापले गेले, आणि त्या हंगामाअखेर ते लीगबाहेर गेले. खेळाडूंच्या सुरक्षेसाठी निकष हवेत, हे मान्य. पण मैदान सपाट करायचा खर्च गेटमधून निघत नाही, हेही तितकंच खरं.

बिल्ल्याची गोष्ट आमच्या धंद्याची. स्कॉटलंडमध्ये कुलचिन्हांचा 1592 चा कायदा अजून चालतो, आणि तो बघणारे अधिकारी म्हणजे लॉर्ड लायन. नोंदणीशिवाय ढालीवर चिन्ह वापरता येत नाही. 2015 च्या सुमारास एअर युनायटेड आणि एअर्ड्रीऑनियन्स यांना त्यावरून बिल्ले बदलावे लागले. बिल्ला बदलला की पंचिंग नव्याने, जुना माल पडून. तेव्हापासून नवा क्लब आला की आम्ही आधी बिल्ल्याचा आकार बघतो. ढाल असेल तर विचारतो, नोंद आहे का? काही सेक्रेटरींनी हा कायदा आमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. सल्ल्याचे पैसे आम्ही घेत नाही.

13 मार्च 2020 ला फुटबॉल थांबला. आम्ही मास्क शिवले, शाळेचे गणवेश केले. एप्रिलमध्ये क्लबांनी मतदान करून खालच्या लीग तिथेच संपवल्या. पुढे गुंतवणूकदार जेम्स अँडरसन यांच्या देणगीतून प्रत्येक क्लबला 50,000 पौंड मिळण्याची सोय झाली. जानेवारी 2021 मध्ये खालच्या दोन श्रेणी पुन्हा मार्चपर्यंत बंद. प्रेक्षक नसलेल्या त्या हंगामात लोकांनी न बघितलेल्या सामन्यांची तिकिटं आणि न घालता येणाऱ्या जर्सी विकत घेतल्या. एका आजोबांनी नातवासाठी पाठीवर क्लबचं स्थापनावर्ष छापून मागितलं होतं. दुकानं बंद, आमच्याकडचा पांढरा व्हिनाइल संपलेला. आकडे मी पांढऱ्या धाग्याने भरून दिले.

आज आम्ही पाच जण आहोत आणि फोर हेड मशीन आहे. पहिल्या संघाच्या वीस जर्सींवर कुठलाही गाळा चालत नाही. आमचं पोट भरतं ते क्लबच्या मुलांच्या, मुलींच्या आणि चालत फुटबॉल खेळणाऱ्या ज्येष्ठांच्या गटांवर. ज्या क्लबांनी कृत्रिम गवत टाकून मैदान आठवडाभर गावाला भाड्याने दिलं, ते आज उभे आहेत. तिथे सोमवार ते शुक्रवार दिवे लागलेले असतात आणि शनिवारी पावसाचा धाकही कमी. मला विचाराल तर छोट्या क्लबला नवा स्ट्रायकर घेण्याआधी मैदान घ्यायला सांगेन.

पुढच्या महिन्यात सब्लिमेशनचा (उष्णतेने शाई थेट कापडात उतरवणारा) प्रिंटर येतोय, म्हणजे पाच जर्सींचीही ऑर्डर परवडेल. मुलींच्या मापाचे शर्ट आम्ही आता मुलांच्या मापातून कापत नाही, वेगळे पॅटर्न बनवले आहेत. अण्णांनी व्हिडिओ कॉलवर बसून खांद्याची दुरुस्ती सांगितली. नव्या मशीनवरची पहिली ऑर्डर ठरली आहे. एका क्लबचा नऊ वर्षांखालच्या मुलींचा संघ, सोळा जर्सी. मापं आली आहेत, हप्ते चार होम मॅचचे, पहिला सामना ऑगस्टमध्ये.