उदबत्तीनं शोधलेली चीर

चार दिवसांत काकांची गाडी दुसऱ्यांदा गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. डॅशबोर्डवरचा, इंजिनातल्या बिघाडाचा इशारा देणारा चेक लाईट पुन्हा पेटला होता. "अहो, परवाच घालवला होतात ना?" काका एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

स्कॅनरवर बिघाडाचा कोड तोच, पी-०१७१. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. का, ते कोड सांगत नाही. आमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी त्यांचा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा, बदलून झाला होता. बिचारा सेन्सर खरं तेच सांगत होता. आणि मी काय केलं होतं? शनिवारची गर्दी, धायरी फाट्यापर्यंत तुंबलेला रस्ता, काकांना घरी जायची घाई. आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर स्प्रेनं धुतला, कोड पुसला आणि चावी हातात दिली. लाईव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे स्कॅनरवर दिसणारे आकडे, उघडलाच नाही. वीस वर्षं हेच काम करतोय, सांगायला लाज वाटते.

या वेळी आधी फ्यूल ट्रिम पाहिला. कमी पडणारं पेट्रोल कॉम्प्युटर स्वतःहून किती वाढवून देतोय, तो हा आकडा; एरवी शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडेतिकडे. इथं आयडलला, म्हणजे रेस न देता, शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (साठत गेलेला) ट्रिम मिळून अधिक २८! रेस देऊन अडीच हजार आरपीएमवर धरली, तर उतरून ६. इथंच डोक्यात लख्ख झालं. एअर फ्लो सेन्सर मळका असता तर लोड वाढेल तसा आकडा वाढला असता. हा उलटा उतरतोय, म्हणजे कुठूनतरी चोरून हवा आत जातेय. आयडलला मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची, ओढ जोरात आणि एकूण हवा थोडी, त्यामुळे चिमूटभर चोरीही मोठी दिसते. रेस दिली की तीच किरकोळ होते. बरं, या गाडीत हवा मोजणारा सेन्सर आहे म्हणून हे पकडता आलं. नुसत्या मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्यावर, चालणारी असती, तर बहुधा आयडल चढला असता आणि मी भलतीकडेच शोधत बसलो असतो.

धूर सोडून गळती शोधणारं स्मोक मशीन माझ्याकडे नाही. पेट्रोल कुठं ठिबकत नाहीये ना, ते दोनदा बघितलं, इंजिन थंड असतानाच चालू केलं, म्हणजे फॅन लागायच्या आत काम उरकेल. एसी बंद. आणि देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून आणली. पोऱ्या म्हणतो, "शेठ, आता पूजा?"

मॅनिफोल्डच्या कडेनं, क्लिपांपाशी, ब्रेक बूस्टरच्या पाईपवरून धूर सरळ वर जात होता. पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणाऱ्या, पाईपाला मागं एक रबरी कोपर आहे, वरून दिसतच नाही. तिथं उदबत्ती खाली धरली आणि धुराची रेघ मोडून रबरात शिरली. आरसा घालून पाहिलं तर पोटाकडून चीर, नखाएवढी. रबर तेलानं फुगून बुळबुळीत झालं होतं. बोटानं चीर दाबली तर इंजिनचा आवाज लगेच बदलला, आणि स्कॅनरवर शॉर्ट ट्रिम खाली यायला लागला. काकांना म्हटलं, "या, तुम्हीच दाबून बघा." शर्टाची बाही वर करून त्यांनी दाबलं, सोडलं, परत दाबलं. लहान मुलासारखे हसले.

पोऱ्याला नाना पेठेत पिटाळलं. पाऊस, ट्रॅफिक, दोन तास गेले. कोपर २२० रुपयांचा. बसवायला वीस मिनिटं. एक क्लिप हाताला येईना म्हणून दहा त्यातच गेली. कोड पुसून खडकवासल्यापर्यंत गाडी नेऊन आणली. परत आल्यावर आयडलला ट्रिम अधिक २.

"किती झाले?"

"कोपराचे द्या. मजुरी शनिवारीच घेतलीय."

काकांनी जुना कोपर मागून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला. आधीच्या ठिकाणी नेऊन दाखवणार म्हणाले. उदबत्तीचा पुडा पोऱ्यानं टूल ट्रॉलीत ठेवलाय, पान्यांच्या खणात.