भिंतीवरची ठकठक

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असे पत्र शाळेकडून आले, तेव्हा पुष्कळ काही लिहिता येईल असे वाटले होते. प्रत्यक्ष लिहायला बसलो, तर विज्ञानाच्या सरांपलीकडे लेखणी सरकेना. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण आपल्या शाळेत नुसते ‘सर’ म्हटले की कोण, हे त्या काळच्या कोणालाही सांगावे लागत नाही.

1983 साली मी आठवीत होतो. ध्वनीचा पाठ चालू असताना भरीव आणि पोकळ वस्तूंच्या आवाजातला फरक सरांनी विचारला. मी उभा राहून म्हणालो, की माझे बाबा खदानीत छत वाजवून पाहतात. खणखणीत वाजले तर ते धरून आहे आणि बद्द वाजले तर सुटले आहे. वर्ग हसला. सर हसले नाहीत. बाबांनाच शाळेत घेऊन ये, म्हणाले.

बाबा पहिली पाळी संपवून, आंघोळ करून आले, तरी पापण्यांच्या कडांना कोळशाची रेघ राहिलीच होती. 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधी ठेकेदाराकडे कोळशाने भरलेल्या टबांवर, म्हणजे रुळांवरच्या लहान डब्यांवर, मजुरी घेतलेला हा माणूस आयुष्यात प्रथमच वर्गात, तोही शिक्षकाच्या जागी, उभा होता. सरांनी पुढे केलेली खुर्ची त्यांनी घेतली नाही. ग्रंथालयाकडच्या भिंतीवर काठीने ठकठक करत ते सरकत गेले, तिसऱ्या खिडकीपाशी थांबले, दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीला लावून पुन्हा दोनदा वाजवले आणि म्हणाले, “पोट्टेहो, इथं बसू नका, गिलावा सुटला हाय.” सरांनी तिथला बाक त्याच क्षणी हलवला. लाकडी टेकूवर भार आला की तो आधी करकरतो, म्हणून जुन्या कामगारांचा लोखंडापेक्षा लाकडावर भरवसा, हेही बाबांनी सांगितले. सरांनी ते फळ्यावर लिहून खाली बाबांचे नाव घातले.

पुढच्याच वर्षी, दिवाळीनंतर, दुसऱ्या पाळीत छत कोसळून बाबा गेले. खाली जाण्यासाठी बत्ती घेताना बत्तीघरात द्यायचे आणि बत्ती परत केली की परत घ्यायचे, ते त्यांचे टोकन खिळ्यावर तसेच लटकत राहिले. टेकू लावण्याआधीच ते पुढे गेले असतील, अशी कुजबूज क्वार्टरांमध्ये सुरू झाली; आणि ती पाहुण्याच्या घरी गेले तरी भिंत वाजवून बघणाऱ्या माणसाविषयी! काही महिन्यांनी चौकशीचा इंग्रजी कागद आला, तेव्हा सर सायकलवरून घरी आले, अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी तो दोनदा वाचला, वाक्यावाक्याचे मराठी करून आईला सांगितले आणि शेवटी, दाराशी जमलेल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वहिनी, त्यांची चूक होती असे यात कुठेही लिहिलेले नाही.”

वारसाची नोकरी मी अठरा वर्षांचा होईपर्यंत राखून ठेवावी, असे काकांचे म्हणणे होते. ती आईनेच घ्यावी आणि मुलाने शिकावे, हा आग्रह सरांचा. 1952 च्या खाण कायद्यानुसार स्त्रियांना जमिनीखाली काम नव्हते, त्यामुळे आईला बत्तीघर मिळाले. पहिल्या पाळीची शेवटची बत्ती जागेवर लागल्याशिवाय ती घरी येत नसे. उशीर झाला तर आम्ही भावंडे काही विचारत नसू.

आज मी नागपूरला तंत्रनिकेतनात खाणकाम शिकवतो. आपल्याकडच्या भूमिगत खदानी एकेक करून बंद पडल्या, खुल्या खाणी वाढल्या, क्वार्टर ओस पडले आणि शाळेची पटसंख्याही घटली, असे ऐकतो. जुन्या इमारतीबरोबर ग्रंथालयाकडची ती भिंतही पाडली, हे मला निमंत्रणासोबतच्या छायाचित्रावरून कळले. इलाज नसेल, पण पाडण्याआधी एकदा कळवले असते, तर मी आलो असतो.

दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांच्या हाती काठी देतो. आमच्या वर्गाच्या भिंती नव्या आणि भरीव आहेत, त्यामुळे बद्द आवाज ऐकवण्यासाठी मला कपाटाचे दार वाजवावे लागते.